निवडणूक आली की जुनं बाईचं प्रकरण बाहेर काढायचं का? डेस्कवर आयुष्य काढलेल्या माणसाचं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही धुळ्याकडे यूट्यूबवर बातम्यांचं चॅनल चालवता, निवडणूक तोंडावर आलीय, आणि एका उमेदवाराचं २२-२३ वर्षांपूर्वीचं बाईचं प्रकरण परत काढा म्हणून समोरच्या गटाच्या माणसाने जुन्या पेपरांच्या कात्रणांची झेरॉक्स तुम्हाला आणून दिली. तेव्हा पोलिसात तक्रार झाली होती, पुढे काय झालं ते कुणालाच नीट माहीत नाही. दोन चॅनलवाल्यांनी ते चालवलं, त्यांना भरपूर व्ह्यूज आले. वहिनी नको म्हणतात. तुम्ही विचारताय की करू का, कायद्यात अडकेन का, आणि मीडियाला या जुन्या प्रकरणांचा एवढा नाद का.

मी जळगाव आणि धुळे मिळून २६ वर्षं जिल्हा दैनिकांत काढली, सुरुवातीला कोर्टाची बातमीदारी आणि नंतर सगळा काळ डेस्कवर. अशी कात्रणं माझ्याकडे प्रत्येक निवडणुकीत आली, विधानसभेला आली, झेडपीला आली, एकदा तर बाजार समितीच्या निवडणुकीतही आली. त्यामुळे जे लिहितोय ते पुस्तकातलं नाही.

माझ्या मते तुमच्यासमोर खरा प्रश्न हा आहे की ही बातमी कुणाची. एक बातमी उमेदवाराची असू शकते, म्हणजे या माणसाने सत्ता कशी वापरली याची. दुसरी कात्रणं आणून देणाऱ्याची, म्हणजे आज हे बाहेर काढून कुणाला काय पाहिजे याची. आणि तिसरी त्या बाईची. त्या दोन चॅनलवाल्यांनी चालवली ती दुसरी बातमी, फक्त दाखवताना पहिलीचं नाव दिलं, आणि भोगणार तिसरी आहे. हे एकदा डोक्यात नीट बसलं की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी कबूल करतो, कारण सरसकट हो किंवा नाही असं उत्तर यात नाहीच. तक्रार जबरदस्तीची होती का दोन सज्ञान माणसांचे संबंध होते, हा पहिला फरक. संबंध राजीखुशीचे असतील तर २०१८ साली सुप्रीम कोर्टाने व्यभिचाराचं कलमच रद्द केलंय, आणि त्यात सरकारी पैसा, पद, नोकरीचं आमिष यातलं काही नसेल तर तुमचं चॅनल काय आणि माझा पेपर काय, आपला तिथे काही संबंध नाही. जबरदस्तीची तक्रार असेल तर केस कुठवर गेली, निकाल लागला का, निर्दोष सुटला का, अपील चालू आहे का, यावर सगळं फिरतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती बाई आज कुठे आहे आणि तिला हे पाहिजे का. यातलं एकही उत्तर त्या झेरॉक्समध्ये नसणार, मी न बघता सांगतो, कारण कात्रणं काढणारा माणूस अटकेची बातमी कापून ठेवतो, निकालाची ठेवत नाही.

मीडियाच्या नादाबद्दल. लोक म्हणतात वाचकाला चटक लागलीय म्हणून आम्ही देतो, ते अर्धंच खरं आहे. डेस्कवर बसून मला जे दिसलं ते असं की जुनं प्रकरण सगळ्यात स्वस्त पडतं. माणूस पाठवावा लागत नाही, पेट्रोल लागत नाही, फाइल काढली, चार ओळी नव्या लावल्या, मोठं हेडिंग टाकलं की पाव पान भरलं, आता तुमच्याकडे पाव पानाच्या जागी थंबनेल आलंय एवढंच. वाचकालाही डोक्याला ताण नाही, जुनं माहितीचं असतं, त्यावर मत आधीच ठरलेलं असतं. आपल्याच जळगावचं घरकुल प्रकरण बघा. नव्वदीच्या दशकातली योजना, गरिबांच्या घरांचे पैसे, २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयात निकाल लागला आणि ४८ जण दोषी ठरले, त्यात मोठमोठी राजकीय नावं होती, पुढे अपिलंही झाली. त्याची कुणी दर निवडणुकीत मालिका करतं का? करत नाही, कारण त्यात ठराव आहेत, निविदा आहेत, ठेकेदाराला दिलेली बिनव्याजी उचल आहे, ते समजून घ्यायला चार रात्री बसावं लागतं. बाईच्या प्रकरणाला चार मिनिटं पुरतात.

दुसरं कारण म्हणजे अशी प्रकरणं सांगता सांगता त्यातली बातमीच गळून जाते आणि फक्त चघळायचं तेवढं उरतं. इंग्लंडचं प्रोफ्युमो प्रकरण घ्या. तो युद्धमंत्री होता, १९६३ साली त्याने संसदेत उभं राहून ख्रिस्तीन कीलर या मुलीशी असलेल्या संबंधांबद्दल खोटं सांगितलं, आणि त्या मुलीची ओळख सोव्हिएत वकिलातीतल्या नौदल अधिकाऱ्याशीही होती, म्हणजे बातमी देशाच्या सुरक्षेची आणि सभागृहाला फसवण्याची होती. जूनमध्ये त्याने राजीनामा दिला, पुढे लंडनच्या गरीब वस्तीत समाजसेवा केली आणि १९७५ ला त्याला राजघराण्याकडून सन्मानही मिळाला. आणि ती ख्रिस्तीन कीलर? तेव्हा जेमतेम २१ वर्षांची, दुसऱ्या एका खटल्यात खोट्या साक्षीबद्दल तुरुंगात गेली, आणि २०१७ ला वारली तोपर्यंत तिची ओळख तीच राहिली, वारल्यावरच्या बातम्यांतही तीच. क्लिंटनचं तसंच. मुद्दा होता राष्ट्राध्यक्ष शपथेवर खोटं बोलला का हा, पण सप्टेंबर १९९८ मध्ये चौकशीचा अख्खा अहवाल इंटरनेटवर टाकला, त्यात मोनिका लेविन्स्की या मुलीच्या अगदी खासगी गोष्टी जगाने वाचल्या. फेब्रुवारी १९९९ ला क्लिंटन सिनेटमध्ये सुटला, टर्म पूर्ण केली, आणि मोनिका लेविन्स्की मात्र पुढची कितीतरी वर्षं नोकरी मिळेना म्हणून फिरत होती. प्रकरण उघड झालं तेव्हा ती २४ वर्षांची होती. आपल्याकडे १९७८ साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री जगजीवनराम यांच्या मुलाचे एका मुलीबरोबरचे खासगी फोटो एका मासिकाने छापले, त्या मासिकाच्या संपादक मनेका गांधी होत्या. त्याचा राजकीय फायदा कुणाला झाला यावर आजही चर्चा होते, पण फोटोतल्या त्या कॉलेजच्या मुलीचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही.

आता लांब कशाला जायचं. १९९४ चं आपलं जळगाव. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. मुलींना फसवून, फोटोंची भीती घालून ओरबाडणारी टोळी, त्यात नगरसेवकांपर्यंत नावं गेली, तपासात मीरां चढ्ढा बोरवणकर यांच्यासारख्या अधिकारी आल्या. बातमी शंभर टक्के छापायलाच पाहिजे होती, तेव्हा ती दाबायला बघणारे कमी नव्हते आणि ज्यांनी धरून ठेवली त्यांना मी आजही मानतो. पण नंतर जे झालं ते सांगतो. मुंबई-पुण्याच्या पेपरांनी मुलींचे आकडे शेकड्यांत छापले, तक्रार द्यायला पुढे आलेल्या मुली मात्र अगदी मोजक्या. का येतील? आकडा जेवढा मोठा तेवढी शहरातली प्रत्येक मुलगी संशयात. वासनाकांड हा शब्द जळगावच्या नावाला असा चिकटला की माझ्या आतेबहिणीची सोयरीक नाशिककडे जमत आली होती, मुलगी जळगावात कॉलेजला होती एवढं कळल्यावर त्या लोकांनी निरोप पाठवला की आमचं यंदा लग्न करायचं नाही. तिचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. अशी घरं त्या वर्षात किती होती ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. आणि आरोपींचं काय, तर काहींना शिक्षा लागली, काही वरच्या कोर्टात सुटले, त्या बातम्या आतल्या पानावर गेल्या. आज तिसाहून जास्त वर्षं झाली, तरी अधूनमधून कुणीतरी तेच आकडे घेऊन व्हिडिओ करतं, खाली लाखांत व्ह्यूज असतात, आणि साक्षीदार पोरींना तेव्हा धमकावणारे कोण होते, केसेस कशामुळे ढिल्या पडल्या, यावर त्या व्हिडिओत एक वाक्य नसतं.

म्हणून जुनं प्रकरण काढूच नये असं मी म्हणत नाही हां. अजमेरचं बघा, १९९२ चं, पद्धत जवळजवळ हीच, आणि सहा आरोपींना जन्मठेप लागली ती २० ऑगस्ट २०२४ ला. बत्तीस वर्षं. त्या बायका कोर्टात साक्ष द्यायला येत राहिल्या, तोवर काहीजणी आज्या झाल्या. केरळातलं सूर्यनेल्लीचं अत्याचाराचं प्रकरण १९९६ चं, हायकोर्टाने जवळपास सगळ्यांना सोडलं होतं, सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या जानेवारीत ते फिरवलं आणि पुन्हा ऐकायला लावलं. अशा ठिकाणी मीडियाने पाठ सोडली असती तर फाइल तशीच धूळ खात पडली असती. म्हणजे जिथे न्याय बाकी आहे तिथे मागे लागणं हे आपलं कामच आहे. पण सूर्यनेल्लीच्या त्या मुलीला लोक तिच्या गावाच्या नावाने ओळखायला लागले, नाव लपवलं आणि गाव कपाळावर गोंदलं, हेही त्याच पेपरांनी केलं.

गाव गोंदण्यावरून माझी चूक सांगतो, ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. २००४ ची विधानसभा. एका तालुक्यातलं सात वर्षांपूर्वीचं प्रकरण, एका पुढाऱ्यावर कॉलेजच्या मुलीची तक्रार होती, पुरावा कमी पडला आणि तो सुटला होता. कात्रणं आली, पहिल्या पानावर चौकट करायचं ठरलं, आणि ती मी लिहिली. नाव टाकलं नाही, मला वाटलं झालं, नियम पाळला. पण मी लिहिलं काय, तर मुलगी कोणत्या वर्षाला होती, वडील कशाचं दुकान चालवायचे, आणि लग्न होऊन आता सुरतला असते. तेव्हा मला ती शेवटची ओळ फार माणुसकीची वाटली होती, म्हणजे बघा, तिचं आयुष्य मार्गी लागलं.

पाचव्या दिवशी तिचा भाऊ ऑफिसात आला, सुरत-भुसावळ पॅसेंजरने, रात्रभर बसून. पिशवीत ते कात्रण चार घड्या करून ठेवलेलं. ओरडला नाही काही नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "नाव नही टाकं भाऊ तुम्ही, पन लिंबायतमा आपलाच लोके शेतस." लिंबायत, उधना या सुरतच्या वस्त्या, सगळं खान्देश तिथे कामाला गेलंय, आपला पेपर कुणाच्या ना कुणाच्या डब्याला गुंडाळून तिथे पोचतोच. तिच्या सासरच्यांना लग्नाआधीचं काही माहीत नव्हतं. दोन लेकरांसकट तिला माहेरी आणून सोडलं होतं. त्याने विचारलं की आता काय करता येईल, आणि मला उत्तर नव्हतं, कारण खुलासा छापला तर तो वाचून उरलेल्यांना कळलं असतं. तो पुढारी निवडून आला. ज्या गटाने कात्रणं दिली होती तो गट वर्षभरात त्याच्याच पार्टीत गेला. मी तो भाऊ जिना उतरून गेलेला बघत होतो आणि माझ्या टेबलावर त्याच दिवशी दुसऱ्या मतदारसंघातलं असलंच कात्रणांचं पाकीट पडलेलं होतं.

त्या दिवसापासून मी एक पद्धत धरली, तीच तुम्हाला सांगतो. असं काही आलं की मी आधी सगळ्या कात्रणांतून बाईशी संबंधित प्रत्येक ओळ खोडायचो, वय, गाव, शिक्षण, जात, नवऱ्याचा धंदा, सगळं. आणि उरलेलं वाचायचो. उरलेल्यात बातमी आहे का? पोलिसांनी तक्रार घ्यायला उशीर लावला, पंच फिरले, पुढाऱ्याने तेव्हाच्या पदाचा वापर केला, पार्टीने तिकीट दिलं, शपथपत्रात गुन्हा लपवला, असं काही उरत असेल तर ती बातमी आहे आणि ती बाईशिवाय उभी राहते. खोडल्यावर हातात काहीच उरत नसेल तर मग आपण एवढा वेळ तिच्याच नावावर धंदा करत होतो असं समजायचं आणि पाकीट परत करायचं. दहातली सात-आठ पाकिटं मी अशी परत केली, मालकांची बोलणी खाल्ली.

कायद्याचं थोडक्यात, वकील तुम्ही तुमचा विचाराच. बलात्काराच्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा आहे, आधी आयपीसी २२८ अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा सिद्ध झालेला असायला लागत नाही, नुसता आरोप असला तरी कलम लागू आहे, आणि प्रकरण कितीही जुनं असलं तरी सूट नाही. ओळख म्हणजे फक्त नाव नाही, ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ज्यावरून ती ओळखता येईल अशी कुठलीच माहिती देता येत नाही, ती वारली असली तरी. म्हणजे तुमच्या मित्र चॅनलवाल्यांनी जुन्या पेपरचं पान जसंच्या तसं स्क्रीनवर दाखवलं असेल आणि त्यात तिचं नाव वाचता येत असेल, तर "हे आधीच छापलेलं होतं" हा बचाव धरून बसू नका. सज्ञान बाईने स्वतः लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी, आणि ती संमती तिची पाहिजे, भावाची किंवा नवऱ्याची नाही.

उमेदवाराच्या बाजूने बदनामीचं कलम ३५६ आहे. खरं असणं पुरत नाही, खरं आणि लोकहिताचं दोन्ही लागतं. आणि तुम्ही आज चालवलं तर ती आजची नवी प्रसिद्धी, तेव्हाच्या पेपरने छापलं होतं म्हणून तुम्ही सुटत नाही. तो निर्दोष सुटला असेल आणि तुम्ही फक्त अटक दाखवली तर तुमची बाजू फार कच्ची. दुसऱ्या बाजूने धीर देणारी गोष्टही आहे, १९९४ च्याच ऑक्टोबरात, म्हणजे इकडे जळगाव पेटलेलं असताना, सुप्रीम कोर्टाने राजगोपाल निकालात सांगितलं की सार्वजनिक पदावरच्या माणसाला त्याच्या पदाच्या कामाबाबत खासगीपणाची ढाल घेता येत नाही आणि कोर्टाच्या नोंदीवर लिहिता येतं. पण त्याच निकालात अपवाद टाकलाय की अत्याचार झालेल्या बाईचं नाव नोंदीत असलं तरी छापून तिची आणखी विटंबना करायची नाही. मला तर पत्रकारितेच्या पोरांना शिकवताना हा एक निकाल पुरतो.

तर तुम्ही काय करावं. व्हिडिओ आत्ता करू नका, आधी केस शोधा. ई-कोर्टवर आरोपीच्या नावाने बघा, एवढी जुनी केस तिथे मिळेलच असं नाही, मग ज्या कोर्टात चालली तिथल्या नक्कल विभागात जा. आपण त्रयस्थ असल्याने कारण लिहून अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने परवानगी दिली तरच नक्कल मिळते, वेळ लागेल, तोवर निवडणूक होऊन जाईल कदाचित. जाऊ द्या. अपील झालं असेल तर ते औरंगाबाद खंडपीठात, आताचं छत्रपती संभाजीनगर. उमेदवाराचं शपथपत्र मात्र आजच बघा, ते निवडणूक अधिकाऱ्याकडे सगळ्यांना बघता येतं, त्यात चालू खटले आणि झालेल्या शिक्षा लिहाव्या लागतात. काही लपवलं असेल तर ती आजची बातमी, ताजी, आणि तिच्यात त्या बाईचा उल्लेखसुद्धा लागत नाही. कात्रणं देणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर विचारा की तेव्हा तुमच्या पार्टीने त्या मुलीसाठी काय केलं, ठाण्यावर कोण गेलं होतं. माझा अनुभव असा की यावर माणूस फोन आला म्हणून उठून जातो.

बाईशी संपर्क करावा का हे तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. दारात जाऊ नका, गाडीवर चॅनलचं नाव असेल तर त्या गल्लीतही जाऊ नका. तिची वकील किंवा तेव्हा मदत केलेली एखादी संघटनेची ताई सापडली तर तिच्यामार्फत एकदाच निरोप द्या, नाही आलं तर नाही समजा, काहीच आलं नाही तरी नाहीच समजा. आणि ती स्वतःहून बोलायचं म्हणाली तर सगळं बाजूला ठेवून आधी तिचं ऐका, तिच्या सोयीने, तिच्या अटींवर, ते व्ह्यूजसाठी निवडणुकीच्या आधी घाईत उरकायचं नाही.

व्ह्यूजचं मी समजू शकतो, घर त्याच्यावर चालतं. पण चॅनल तालुक्यात चालवायचं असेल तर उद्या एखादी मुलगी खरोखर अडचणीत असताना तक्रार घेऊन कुणाकडे जाईल याचा विचार करा, ज्याने २२ वर्षांपूर्वीचीला चव्हाट्यावर आणलं त्याच्याकडे ती येणार नाही. वहिनी नको का म्हणतात ते नीट बसून विचारा त्यांना, मला वाटतं त्यांना यातलं बरंच आपल्या दोघांपेक्षा आधी कळलंय.

नक्कल मिळाली आणि वाचताना काही अडलं तर मला पाठवा, मी बघून देतो, कोर्टाची भाषा मला सवयीची आहे. फक्त पाठवायच्या आधी त्यातलं तिचं नाव प्रत्येक पानावर काळ्या पेनाने खोडा, मलाही दिसायला नको.